लंकाबाईचा दगड

खिंडीतल्या उंबराखाली पाणी पिऊन आम्ही उठलो. मी पिशवी खांद्याला लावली, तशी लंकाबाई म्हणाली, "बाई, तुम्ही व्हा पुढं. मी मागून येते."

"अहो मावशी, वाट तुमच्या पायाखालची. तुम्ही पुढे चाला."

"तसं नको. मागं मीच बरी. मागून पाय वाजले तर तुम्हाला वाटंल मीच हाय. भ्याल न्हाई."

पुढे चिखल आहे, चपला हातात घ्या, असं कुणी सांगावं, तितक्याच सहज तिने हे सांगितलं. मी पुढे झाले. पण त्यानंतर बराच वेळ माझं लक्ष समोर कमी आणि मागच्या पावलांवर जास्त होतं. दिवाळी होऊन गेली होती. दोन्ही बाजूंना खुरासणीची पिवळी फुलं होती, ऊन चांगलं होतं, भिण्यासारखं काही नव्हतं. तरी मनातल्या मनात रामरक्षा सुरू झाली, ती मी थांबवली नाही.

करंजदऱ्याला गाडी जात नाही. नाशिकहून पेठकडे जाणाऱ्या रस्त्यावर फाटा आहे. एसटी तिथे थांबते, तीही हात केला तर. तिथून पुढे ओहोळ, मग खिंड, मग डोंगराच्या कडेकडेने वर जाणारी पायवाट. सकाळी फाटा सोडलेलं माणूस जेवायच्या वेळेला गावात पोचतं. मी त्या भागातल्या उपकेंद्रात नर्स आहे. नवीन होते तेव्हा वर जाताना लसींचा डबा जड लागायचा. पोरं असायची, पोटुशा बाया असायच्या. मग ज्यांच्या घरात बाळंतपण यायचं होतं ते आधी खाली गेले. शाळा मिटली तशी पोरांची घरं गेली. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले परत आलेच नाहीत. अलीकडे माझ्या पिशवीत फक्त बीपीचं मशीन आणि म्हाताऱ्यांच्या गोळ्या असायच्या. वरून निरोप आला होता की करंजदऱ्याची फेरी बंद करा, उरलेल्यांना खाली बोलवा. म्हणून ही माझी शेवटची फेरी.

लंकाबाईही शेवटचीच निघाली होती. निदान तिच्या मुलाचं तसं म्हणणं होतं. संतोष एका कंपनीत कामाला आहे, नाशिक रोडला त्याने दोन खोल्यांचं घर घेतलंय. आईच्या छातीत दुखतं, जिना चढला तरी दम लागतो, म्हणून त्याने तिला याआधीही नेलं होतं. दर वेळी ती कुणाला न सांगता एसटीत बसून परत यायची. या खेपेला दसऱ्याला त्याच्याकडे गेल्यावर ती म्हणाली, एकदा वर जाऊन घर आवरून, दार लावून येते. संतोष दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गाडी घेऊन येणार होता. त्याच्या बायकोने, तेजस्विनीने, मला फोन केला होता. "सिस्टर, तुम्ही सोबत जा, आणि सोबत घेऊनच या. त्या पुन्हा तिथं राहिल्या तर जगायच्या नाहीत. दुखायला लागलं तर खाली उचलून आणायला माणसं आहेत का तिथे?"

तिचं खरं होतं. करंजदऱ्यात आजारी माणसाला झोळीतून आणतात. लांब वेळूला घोंगडी बांधायची, आत माणूस, आणि पुढे दोन, मागे दोन असे चार खांदे. ते चार खांदेच आता गावात नव्हते.

"मावशी, संतोष स्वतः का नाही येत वर?" मी पुढे बघतच विचारलं.

मागची पावलं थांबली. मी वळले. ती होती, कमरेवर हात ठेवून श्वास घेत होती.

"येत व्हता की. एकदा आला, मी मागं गोठ्यात शेण काढत व्हते. आल्या आल्या त्यानं आत आवाज दिला, आई, पाणी दे. मी हात धुऊन येस्तवर त्यो वट्यावर बसला व्हता. हातात रिकामा तांब्या. पाणी पिऊन झालेलं."

"त्याने स्वतः घेतलं असेल."

"त्यालाबी मी इचारलं न्हाई, त्यानंबी मला सांगितलं न्हाई. तवापासून फाट्याच्या वर पाय टाकत न्हाई त्यो." आणि जरा हसून, "चला. थांबलं की दम जास्त लागतो."

गावाच्या शिवेवर एक मोठं आंब्याचं झाड आहे. त्याच्या सावलीत दगड मांडलेले आहेत. ओहोळातले गुळगुळीत दगड, कुणी नारळाएवढा, कुणी उशीएवढा. शेंदूर नाही, फूल नाही. मी इतक्या वर्षांत त्यांच्याजवळून शेकडो वेळा गेले असेन. काय आहेत ते मला ठाऊक होतं. झोळीतून खाली नेलेलं माणूस दवाखान्यात गेलं, तर त्याला एवढा डोंगर चढवून वर आणता येत नाही. त्याचं सगळं खालीच करतात. पण जीव फाट्यावर खोळंबून राहतो, त्याला गाडीने गेलेली वाट कळते, घरची कळत नाही, असं तिथे मानतात. म्हणून झोळी रिकामी परत आणायची नाही. ओहोळातला एक दगड उचलून तिच्यात ठेवायचा, चौघांनी तसाच खांद्यावर घ्यायचा, आणि नाव घेऊन बोलावत वर यायचं. अमक्या चल घरी, अमक्या चल घरी. शिवेवर दगड उतरवला की माणूस घरी आलं. आता दगड घरांपेक्षा जास्त झालेत.

लंकाबाई तिथे टेकली. मलाही बस म्हणाली. मग कडेला असलेल्या एका काळ्या, जरा चपट्या दगडाकडे तिने हनुवटीने खूण केली.

"त्यो माझा."

हे गावात माझ्या कानावर आलं होतं, तिच्या तोंडून कधी नाही. तिने सांगितलं ते असं.

संतोष तेव्हा नुकता बोलायला लागला होता. लंकाबाईला दुसऱ्या खेपेचे दिवस भरले आणि मूल आडवं आलं. ऐन पावसाळ्यात चौघांनी तिला झोळीतून फाट्यावर आणलं. जीप मिळाली. तिचा नवरा पुंजा सोबत गेला, चौघं फाट्यावरच्या टपरीत थांबले, कारण जीप परत येताना खबर आणणार होती. नाशिकला लगेच ऑपरेशन करायचं ठरलं. टेबलावर घेण्याआधी अंगावरचं सगळं काढतात, तसं नर्सने तिचं मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून पुंजाच्या हातात दिल्या. पुंजाने आयुष्यात दवाखाना पाहिला नव्हता. तिथे गर्दीत चोरीला जायला नको म्हणून त्याने ते सगळं तिच्या ओल्या लुगड्यात बांधलं आणि जीपवाल्याकडे दिलं, घरी पोचव म्हणून.

जीपवाल्याने गाठोडं टपरीत टेकवलं. चौघांनी ते सोडून पाहिलं. लुगडं, जोडवी, मंगळसूत्र.

"कुनी एका शब्दानं इचारलं न्हाई," लंकाबाई म्हणाली. "इचारायचं काय त्यात? बाईच्या अंगावरनं एवढं उतरून आलं मंजी झालं की. जीपवाला च्या पिऊन गेलाबी."

चौघांनी दगड उचलला.

बाळ गेलं, लंकाबाई वाचली. टाक्यांत पाणी झालं म्हणून तिला बरेच दिवस ठेवून घेतलं. पुंजा तिच्याजवळच होता. वर निरोप द्यायला कुणी नव्हतं, फोन नव्हता, ओहोळाला पूर होता. वर गावात तिचा दहावा झाला. सासूने, अक्काबाईने, पिंड ठेवला, त्याला कावळा शिवला तो सगळ्यांनी पाहिला.

पाऊस उघडल्यावर ती दोघं चालत वर आली. शिवेवर बाया गवत कापत होत्या. त्यांनी लंकाबाईला पाहिलं आणि विळे तिथेच टाकून पळाल्या. घरी अक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सुनेकडे पाहिलं, मग लेकाला विचारलं, "पुंजा, ही कोन आणलीस?"

"आई, लंका हाय."

"लंका घरात हाय," अक्काबाई म्हणाली.

हे सांगताना लंकाबाईचा आवाज बदलला नाही. मी मात्र नकळत पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"मला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पर नुसती ती न्हाई म्हणत. शेजारनी म्हनल्या, दगड आल्यापास्नं अंगण रोज झाडलेलं असतंय. हंड्यात पाणी असतंय. आन संतोष. आई जाताना रडून रडून निळा पडलेला पोरगा, दगड आला त्या सांजंला गप झाला. आई आली, म्हनला. जेवला. रोज जेवायचा. कुनाच्या हातनं, ते कुनी बघितलं न्हाई."

"सासूबाईंनीच केलं असेल ना सगळं."

"मीबी तसंच म्हनले. आत्याबाईंनी लेकाच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं, मी न्हाई. मी संतोषला हात पुढं केला, बाई. त्यो आला न्हाई. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वळून घराकडं बघितलं. चुलीकडं. आन मग माझ्याकडं. लहान पोरगं दोघींतून एक निवडतंय तसं."

गाव तिला घाबरून राहिलं, पण कुणी वाईट वागलं नाही. फक्त तिच्या पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. पिशाच्च एकदाच हाक मारतं म्हणतात. पुंजासुद्धा, जिवंत होता तोवर, दुसऱ्या हाकेची वाट बघायचा. त्यामुळे तिला सगळ्यांना दोनदा बोलवायची सवय लागली. गुरांनासुद्धा.

गावात शिरलो तेव्हा पहिलं घर भिकनचं. म्हातारा ओट्यावर नागलीची कणसं बडवत बसला होता. तो आणि त्याची बायको, आणि ही लंकाबाई. करंजदऱ्यात आता एवढीच माणसं.

"भिकनभावजी!" लंकाबाईने आवाज दिला. त्याने मान वर केली नाही.

"ओ भिकनभावजी!"

"आलीस व्हय? मला वाटलं, हितलीच हाक मारती."

"डोळे गेले का कान गेले?"

"दोन्ही. पर दुसऱ्या हाकंबिगर ओ द्यायचा न्हाई मी, तुला ठावं हाय."

"मेल्या, म्हातारी झाले मी, आजून तेच?"

"मेलीस तू, मी कशाला मरू? सोताच्या खांद्यावर वाहून आणलंय तुला."

"दगड आणला व्हतास, दगडा!"

"तुझ्यापरीस जड व्हता!" भिकन बोळक्या तोंडाने खो खो हसला. चौघांतला तो शेवटचा. मग माझ्याकडे वळला. "नर्सबाई, रस्त्याचं काय झालं?"

"मला काय माहीत, बाबा. मी गोळ्या देणारी."

"मागं मोजणीवाले आलते. म्हनले, माणसं दाखवा, रस्ता देतो. मी म्हनलं, रस्ता द्या, माणसं दाखवतो. कोन आधी हालतो, त्यातच समदं गाव हाललं." त्याने एक कणीस उलटंपालटं केलं. "आमीबी चाललो. एवढी नागली झाली की लेकीकडं, दिंडोरीला."

लंकाबाईचं हसू मावळलं. "तुमीबी?"

"मग? तू चालली, आमी दोघं हितं कुनाचं तोंड बघायचं?"

तिथून तिच्या घरापर्यंतच्या वाटेत ती एकेका बंद दारापुढे थांबत गेली. कुणाचं कुलूप गंजलेलं, कुणाचं छप्पर आत बसलेलं. मला वाटलं दम लागतोय म्हणून थांबते. नंतर कळलं, ती बघत होती, की कुठे कुणी उरेल का.

तिच्या घरी पोचलो. दसऱ्यापासून बंद असलेलं घर. अंगणात आंब्याचं एक पान नव्हतं.

"भिकनच्या बायकोने झाडलं वाटतं," मी म्हणाले.

"तिचे गुडघे गेलेत. खाटंवरून उठवायला भिकन लागतो."

दुपारभर आम्ही आवराआवर केली. भांडी, पुंजाचा फोटो, देव्हाऱ्यातले टाक असं पोत्यात भरलं. तिचं बीपी वाढलेलं होतं, मी गोळी दिली आणि तिला निजवलं. उतरायला उशीर झाला असता, म्हणून मी तिथेच राहायचं आधीच ठरवलं होतं. संध्याकाळी भाकरी झाल्या. तिने तीन ताटं घेतली, मग माझ्याकडे पाहून एक परत ठेवलं.

रात्री मी लवकर झोपले. दिवसभराच्या चालण्याने अंग गळून गेलं होतं, काही स्वप्न पडलं नाही.

जाग आली ती आवाजाने. उजाडत होतं, दाराच्या फटीतून करडा उजेड आत आला होता. बाहेर खराट्याचा आवाज. सर्र, सर्र. थांबायचा, पुढे सरकायचा, पुन्हा सर्र. अगदी रोजचा आवाज. मला बरं वाटलं, की लंकाबाई उठून कामाला लागली म्हणजे तिची तब्येत ठीक आहे. आणि मी कूस बदलली.

लंकाबाई माझ्या शेजारीच होती. उताणी, डोळे उघडे, वर वाशाकडे बघत ऐकत होती.

मी उठून बसले. तिने न बघता माझं मनगट धरलं. हात कोमट होता, नाडी चालू होती. मी नर्स आहे, माझी बोटं आधी तेच बघतात.

"नका जाऊ दारात," ती हळू म्हणाली. "ती लाजती."

मी देवाधर्माची बाई आहे. भुताखेताचं मी पेशंटना कधी बोलू देत नाही, ते मला शोभत नाही. म्हणून इथेही एवढंच सांगते, की मी उठले नाही. आवाज ओट्यापर्यंत आला, खराटा भिंतीला टेकवल्यासारखं झालं, आणि मग काही नाही. चांगलं उजाडल्यावर मी दार उघडलं. अंगणात खराट्याच्या रेघा होत्या. पाऊलखुणा नव्हत्या. पण झाडणारा मागे मागे सरकत गेला, तर खुणा राहत नाहीतच, हेही मला ठाऊक आहे.

चहा झाला. भिकन येऊन एक पोतं घेऊन पुढे गेला, ओहोळापर्यंत पोचवतो म्हणाला. फाट्यावर संतोष येऊन थांबला असेल म्हणून मी घाई करत होते. लंकाबाई मात्र दारातच उभी. कुलूप तिच्या हातात होतं, लावत नव्हती.

"मावशी, चला. नाहीतर परत राहाल, मला माहीत आहे तुम्ही."

"मागल्या येळंला मी हिच्यासाठीच परत आले, बाई. तेजस्विनी वाईट न्हाई. टीव्ही हाय, नळ हाय, नातू अंगावर झोपतो. पर डोळा लागला की मला दिसायचं, ही हितं एकटी. तवा निदान भिकन व्हता, त्याची म्हातारी व्हती. आता कोन? हिला ह्या मानसांनी नाव घेऊन बोलवून आणलं, आन एकेक करून समदे निघून गेले. हिला कुनी सांगितलं का, की आमी चाललो?"

"मावशी..."

"तुमाला पटत न्हाई, मला ठावं हाय. नका पटवू. पर माझं मूल गेलं तवा मी खाली पडलेली, आन माझ्या पोराच्या तोंडात घास हिनं घातला. मी हिला भ्याले, येवडी वर्सं भ्याले. कधी एक शबुद गोड बोलले न्हाई." तिने कुलूप माझ्या हातात दिलं आणि दाराची फक्त कडी लावली. मग ओट्यावर खाली बसली, छातीवर हात धरून, आणि माझ्याकडे वर बघितलं.

"तुमची फेरी बंद झाली, हे मला म्हाईत हाय. तरी माझ्यासाठी एक करा. जमंल तवा, एखाद्या बारीला, वर या. हितं कुनी नसलं तरी या. निवद नको, दिवा नको, तुमच्या धर्माला लागंल असं काईच नको. ह्या वट्यावर घडीभर बसा आन हिला सांगा, संतोष बरा हाय, त्याची पोरं शाळंत जात्यात, लंका औषीद घेती. ती काय इचारायची न्हाई. पर तिला कुनीतरी सांगायला पायजे. एवढं हो म्हना बाई, मंजी माझा पाय निघंल हितनं."